सामन्यापूर्वीचा वाद: डावपेच, आत्मविश्वास आणि फुटबॉलचा पाठीराखा

१. विषयाचे स्वरूप

फुटबॉलचा मोठा सामना नव्वद मिनिटांत संपतो. त्यावरील वाद मात्र कित्येक दिवस आधी सुरू झालेला असतो. कोणाला खेळवावे, कोणाला वगळावे, मधल्या फळीत किती माणसे असावीत, प्रतिपक्षाच्या आघाडीपटूला कोणी रोखावे आणि ऐन वेळी आपल्या संघाची हिंमत टिकेल की नाही, या प्रश्नांचा खल चहाच्या दुकानांत, कचेऱ्यांत आणि आगगाडीच्या डब्यांत अखंड चालू असतो. हा वाद करणाऱ्यांपैकी एकाच्याही मताने संघाच्या यादीतील एखादे नाव बदलणार नसते, आणि ही गोष्ट त्यांना चांगली ठाऊक असते. असे असूनही तो इतक्या तळमळीने का केला जातो, आणि त्यात बोलले जाते त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे.

या वादाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सर्वसामान्यपणे आढळतात. एक दृष्टी त्याला हौशी लोकांनी वर्तविलेले भविष्य मानते व ते खरे ठरले की खोटे, एवढेच तपासते. दुसरी दृष्टी त्याला केवळ भावनेचा उद्रेक मानते व त्यातील युक्तिवादाकडे लक्षच देत नाही. आमच्या मते या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. पाठीराख्याच्या प्रत्येक विधानावर एकाच वेळी दोन भार असतात: एक खेळाच्या वर्णनाचा आणि दुसरा धीर देण्याघेण्याचा. डावपेचांची भाषा बोलत असताना तो बहुधा विश्वासाविषयी बोलत असतो, आणि विश्वासाची भाषा बोलत असताना पुष्कळदा डावपेचांविषयी. हे दोन भार वेगळे करून दाखविण्यासाठी भारतीय फुटबॉलमधील एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडेल.

२. कलकत्त्याची पार्श्वभूमी

ते उदाहरण म्हणजे १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक मैदानावर झालेला मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्यातील फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना. तो समजण्यासाठी या दोन संघांची परंपरा थोडक्यात सांगितली पाहिजे.

मोहन बागानची स्थापना १८८९ साली झाली. १९११ साली या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांच्या संघाला २–१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, आणि तो विजय पुढे राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला. ईस्ट बंगालची स्थापना १९२० सालची आहे. तिच्यामागची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी अर्थपूर्ण आहे. जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बसू या खेळाडूला वगळले. हा निर्णय न रुचल्यामुळे सुरेशचंद्र चौधरी त्या क्लबातून बाहेर पडले आणि त्यातून नवा क्लब उभा राहिला, असे सांगितले जाते. म्हणजे मोठ्या सामन्यापूर्वी कोणाला खेळवावे, या वादातूनच या संघाचा जन्म झाला.

पुढे १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लक्षावधी निर्वासितांना ईस्ट बंगाल हे आपले नाव वाटले. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’, हा भेद दोन संघांच्या पाठीराख्यांत उतरला. तो स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला: हिलसा मासा ही ईस्ट बंगालची खूण झाली आणि कोळंबी ही मोहन बागानची. अशा ठिकाणी मधल्या फळीच्या रचनेवरचा वाद केवळ रचनेपुरता राहू शकत नाही. बोलणाऱ्याच्या मनात आपले गाव, आपली बोली आणि आपल्या वडिलांच्या आठवणीही असतात. अर्थात प्रत्येक पाठीराखा या भेदाप्रमाणेच वागतो असे नाही; परंतु वादाला लागणारी ऊब त्याने पुरविली, हे नाकारता येत नाही.

३. १९९७ चा सामना: ‘डायमंड’ आणि ‘व्होकल टॉनिक’

१९९७ साली मोहन बागानचे प्रशिक्षक होते अमल दत्त आणि ईस्ट बंगालचे प्रदीपकुमार तथा पी. के. बॅनर्जी. दोघेही भारतासाठी खेळलेले आणि दोघांनीही निरनिराळ्या काळी या दोन्ही क्लबांना शिकविलेले. दत्तांची ख्याती प्रयोगशील अभ्यासकाची. त्यांनी इंग्लंडमध्ये प्रशिक्षणाचे शिक्षण घेतले होते. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात त्यांचा समावेश होता. सामन्यापूर्वी बोलून खेळाडूंना चेतविण्याची त्यांची हातोटी इतकी प्रसिद्ध होती की, तिला ‘व्होकल टॉनिक’ असे नावच पडले होते.

त्या हंगामात दत्तांनी ‘डायमंड’ या नावाने गाजलेली आक्रमक रचना आणली. तिच्या बळावर मोहन बागानने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्ससारख्या संघालाही मोठ्या फरकाने हरविले. उपांत्य सामना जवळ आला तेव्हा कलकत्त्यात दुसरा विषय उरला नव्हता. दत्तांनी प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या नावांची जाहीर थट्टा करून वादात तेल ओतले. सोसो या खेळाडूला त्यांनी ‘शोशा’, म्हणजे काकडी, म्हटले आणि ओमोलोचे ‘ऑम्लेट’ केले. सामन्याला आलेल्या प्रेक्षकांची संख्या १,३१,७८१ अशी नोंदली गेली. मैदानाची आसनक्षमता त्यानंतर कमी करण्यात आल्यामुळे तो आकडा तेथे आता गाठता येण्याजोगा राहिलेला नाही.

सामना ईस्ट बंगालने ४–१ असा जिंकला. पहिला गोल नझीमुल हकचा, पुढचे तिन्ही बायचुंग भुतियाचे. मोहन बागानतर्फे एकमेव गोल चिमा ओकोरीने केला. त्या दिवसापासून या सामन्याचा सारांश एका वाक्यात सांगितला जाऊ लागला: डावपेच हरले, आत्मविश्वास जिंकला. हा सारांश कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्यासाठी प्रथम रचनेचा विचार केला पाहिजे.

४. रचनेत दडलेला विश्वास

डायमंड, म्हणजे चौकट. पत्त्यांतील चौकटच्या आकृतीप्रमाणे मधल्या फळीतील चार खेळाडू उभे केले जातात: एक बचाव फळीच्या पुढे, एक आघाडीच्या पाठीशी आणि दोन उजव्या-डाव्या कोपऱ्यांत. मैदानाच्या मध्यभागी त्यामुळे माणसांचे आधिक्य मिळते. चेंडू ज्याच्या पायाशी असेल, त्याला जवळच दोन-तीन सोबती सापडतात आणि लहान लहान पासांचे त्रिकोण सहज जुळतात. परंतु हे आधिक्य फुकट मिळत नाही. चौघेही मध्याकडे ओढलेले असल्याने दोन्ही बगला उघड्या राहतात. त्या भरून काढण्यासाठी कडेच्या बचावपटूंना पुढे जावे लागते, आणि ते पुढे गेले म्हणजे त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा तयार होते. प्रतिपक्षाकडे भुतियासारखा चपळ आघाडीपटू असेल, तर चेंडू हिसकावताच त्या मोकळ्या जागेत धाडणे हा त्याच्यासाठी सरळ मार्ग ठरतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ही रचना स्वीकारणे हीच एक विश्वासाची कृती आहे. आपण चेंडू फारसा गमावणार नाही, गमावला तरी लगेच परत मिळवू, या गृहीतावरच ती उभी असते. कडेचा बचावपटू जर मनातून कचरला आणि अर्ध्या वाटेतच थांबला, तर बगलही भरली जात नाही आणि मागची जागाही राखली जात नाही. त्याच्या कचरण्याने रचनाच मोडते. तेव्हा डायमंड म्हणजे नुसता डावपेच, असे म्हणता येत नाही.

उलटपक्षी, व्होकल टॉनिक म्हणजे नुसता आत्मविश्वास, असेही म्हणता येणार नाही. बचाव करून प्रतिहल्ला चढविणाऱ्या संघाला दीर्घकाळ चेंडूविना राहावे लागते. त्या काळात अधीर न होणे, जागा न सोडणे आणि संधी येताच सर्वांनी एकदम धावणे, यासाठी लागणारा संयम शब्दांनी तयार करावा लागतो. प्रशिक्षकाचे बोलणे हा अशा वेळी रचनेचाच एक भाग असतो.

अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. अमुक कृती आपल्याला साधेल, असा माणसाचा जो स्वतःविषयीचा विश्वास असतो, त्याचे त्याने चार उगम सांगितले: स्वतः यशस्वीपणे केलेल्या कृतीचा अनुभव, दुसऱ्याला ती करताना पाहणे, दुसऱ्याने शब्दांनी पटवून देणे, आणि त्या वेळची शरीराची व भावनांची स्थिती. यांपैकी पहिला उगम सर्वांत बलवान. केवळ शब्दांनी निर्माण झालेला विश्वास त्या मानाने दुबळा. म्हणून शब्दांचे टॉनिक ज्यांच्या अंगी सरावाचे बळ आहे, त्यांनाच मानवते, असा निष्कर्ष यातून काढावयास हरकत नाही.

५. पाठीराख्याच्या भाषेचे व्याकरण

खेळाडूच्या विश्वासाचा मुख्य उगम त्याची स्वतःची कृती असेल, तर पाठीराख्याच्या विश्वासाचा उगम कोणता? त्याने स्वतः एकही गोल केलेला नसतो. त्याच्यापाशी असतो तो इतिहास. मोहन बागानचा पाठीराखा १९११ ची आठवण काढतो. ईस्ट बंगालचा पाठीराखा १९७५ च्या आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यातील ५–० या विजयाची. त्या वेळी ईस्ट बंगालचे प्रशिक्षक बॅनर्जीच होते, ही गोष्ट १९९७ साली विसरली गेली असेल, असे मानण्याचे कारण नाही. वास्तविक १९७५ च्या खेळाडूंपैकी एकही १९९७ च्या मैदानात नव्हता. तर्काच्या दृष्टीने हा पुरावा निरुपयोगी आहे. परंतु संघाला जो एक अखंड पुरुष मानतो, त्याच्या दृष्टीने ते त्याचेच पूर्वकर्तृत्व असते.

मराठीत या भावनेच्या छटा दर्शविणारे वेगवेगळे शब्द आहेत. ‘खात्री’ ही पुराव्यावर आधारलेली असते. ‘भरवसा’ माणसावर ठेवला जातो. ‘आत्मविश्वास’ स्वतःच्या ठायी असतो. आणि ‘हिंमत’ खात्री नसतानाही दाखविता येते. सामन्यापूर्वीच्या वादात या चारही गोष्टी एकाच नावाने वावरतात. वाद पुष्कळदा मिटत नाही, याचे हे एक कारण आहे: एकजण खात्रीविषयी विचारत असतो आणि दुसरा भरवशाविषयी उत्तर देत असतो.

वादातील विधानांचे ढोबळपणे तीन नमुने आढळतात. पहिला ‘जर–तर’ चा: मधली फळी टिकली, तर सामना आपला. येथे डावपेच अटीच्या रूपाने येतात. अट घालणारा भाकीत करतो आणि त्याच वेळी स्वतःला मोकळी वाट ठेवतो. संघ हरला, तर मधली फळी टिकली नाही एवढेच सिद्ध होते, आणि त्याचा भरवसा शाबूत राहतो. दुसरा नमुना निराशेचा: आज आपले काही खरे नाही. असे म्हणणारा बहुधा सर्वांत जास्त आशा बाळगून असतो. दुःखाचा पहिला हप्ता आधीच फेडून ठेवावा, म्हणजे उद्याचे ओझे हलके होईल, असा त्याचा हिशेब असतो. शिवाय फार मोठ्याने बढाई मारली, तर दृष्ट लागेल, ही भीतीही त्यामागे असते. तिसरा नमुना निःशंक घोषणेचा. ही घोषणा जितकी ऐकणाऱ्यासाठी असते, तितकीच स्वतःसाठीही असते.

या तिन्ही नमुन्यांत वक्ता ‘आपण’ हे सर्वनाम वापरतो, याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. रॉबर्ट चाल्डिनी व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, अमेरिकेतील विद्यापीठांचे विद्यार्थी आपला संघ जिंकल्यावर ‘आम्ही’ हे सर्वनाम जितके वापरतात, तितके तो हरल्यावर वापरीत नाहीत. निकालानंतर ‘आम्ही’चे ‘ते’ करण्याची सोय प्रत्येकाला असते. सामन्यापूर्वी मात्र ही सोय नसते. निकाल अज्ञात असताना ‘आपण’ म्हणणारा माणूस स्वतःची पत पणाला लावीत असतो. उद्या त्याला त्याच दुकानात त्याच मंडळींपुढे बसावयाचे असते. मैदानाबाहेरच्या माणसाला सामन्यात भाग घेण्याचा एवढा एकच मार्ग उपलब्ध आहे. वादाच्या तळमळीचे मूळ आम्हास येथे दिसते.

६. निकालानंतर वादाचे काय होते?

एकच खेळ दोन बाजूंना वेगळा दिसतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. अल्बर्ट हॅस्टॉर्फ व हॅडली कँट्रिल यांनी १९५४ साली ते पद्धतशीरपणे दाखविले. १९५१ साली प्रिन्स्टन व डार्टमथ या संस्थांमध्ये झालेल्या अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉल सामन्याचे चित्रण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखविण्यात आले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. चित्रण एकच होते.

परंतु निकाल कळल्यानंतर आणखी एक, अधिक सूक्ष्म बदल घडतो. बारुख फिशहॉफ याने १९७५ साली केलेल्या प्रयोगांत १८१४ च्या सुमारास इंग्रज व नेपाळचे गुरखे यांच्यात झालेल्या संघर्षाचे वर्णन काही लोकांना वाचावयास दिले. निरनिराळ्या गटांना त्याचे निरनिराळे शेवट सांगितले. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्या गटाला तोच शेवट आधीपासून अधिक संभवनीय वाटू लागला; आणि निकाल कळल्यामुळे आपले मत बदलले आहे, याची जाणीवही त्यांना फारशी नव्हती.

१९९७ च्या सामन्याविषयी नेमके हेच घडलेले दिसते. दत्तांची थट्टा प्रतिपक्षाला चेतविण्यास कारण झाली, हे नंतर वारंवार सांगितले गेले. कदाचित ते खरेही असेल. परंतु तोच सामना मोहन बागानने जिंकला असता, तर तीच थट्टा प्रतिपक्षाचे मनोधैर्य खच्ची करणारी चतुर युक्ती म्हणून सांगितली गेली असती. जो दुवा दोन्ही परस्परविरुद्ध निकालांचे कारण म्हणून सारखाच चालतो, तो निकालाचे स्पष्टीकरण ठरू शकत नाही. तसेच, डायमंड रचना एका सामन्यात फसली म्हणून ती मुळातच खुळचट होती, हा निष्कर्षही न्याय्य नाही. आधीच्या सामन्यांत तिने दिलेले यश हा त्या वेळी उपलब्ध असलेला खरा पुरावा होता, आणि सामन्यापूर्वी तिच्यावर विश्वास ठेवणारा पाठीराखा मूर्ख नव्हता.

‘आत्मविश्वास जिंकला’ या सारांशाची परीक्षा पुढच्याच सामन्याने घेतली. उपांत्य सामन्यातील एवढ्या मोठ्या विजयानंतर ईस्ट बंगालपाशी आत्मविश्वासाची कमतरता असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने त्यांना हरवून चषक जिंकला. बंगालच्या फुटबॉलस्मृतीत मात्र उपांत्य सामनाच अंतिम सामन्याहून मोठा होऊन बसला. ज्या सामन्यावर अधिक वाद झाला, तो अधिक स्मरणात राहिला.

७. वादाची मर्यादा व अभ्यासकाचे कर्तव्य

येथवरच्या विवेचनावरून सामन्यापूर्वीचा वाद हा सर्वस्वी निरुपद्रवी असतो, असा समज होऊ नये. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये दंगल होऊन १६ जणांचा मृत्यू झाला. हे सारे लोक खेळ पाहावयास आले होते. या दुर्घटनेची कारणे गर्दीच्या व्यवस्थेसह अनेक आहेत, आणि ती सर्व वादाच्या माथी मारणे चुकीचे होईल. तथापि एक भेद येथे स्पष्ट होतो. डावपेचांवर वाद घालणारा माणूस प्रतिपक्षाला कारणे देत असतो. म्हणजे त्याला कारणे समजू शकतात, हे तो मान्य करीत असतो. घोटी आणि बांगाल एकाच ओट्यावर बसून मधल्या फळीविषयी भांडतात, तोवर त्यांच्यात एक समान भाषा असते. कारणे संपून केवळ नावे ठेवणे उरले, म्हणजे ती भाषा तुटते. डावपेचांची चर्चा ही या अर्थाने भावनेला घातलेली एक शिस्त आहे, आणि तिचे सामाजिक मोल त्यातच आहे.

राहता राहिला पद्धतीचा प्रश्न. आपल्याकडे कोल्हापूरचे पेठांपेठांतील फुटबॉल सामने, किंवा गोव्यातील गावोगावच्या संघांच्या लढती, यांवर असा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिली दक्षता घ्यावी ती ही की, मतांची नोंद सामन्यापूर्वीच व्हावी. निकालानंतर घेतलेली मुलाखत निकालाची साक्ष देते. आदल्या दिवशीच्या मनाची देत नाही. दुसरे असे की, प्रत्येक विधानाविषयी दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे: यात खेळाविषयी काय सांगितले आहे, आणि यातून कोणाला धीर दिला वा मागितला आहे? तिसरे, ‘आपण’ आणि ‘ते’ या सर्वनामांची सामन्याआधी व नंतर तुलना करावी. ही सामग्री जमविण्यास एक वही आणि थोडा संयम यांवाचून दुसरे काही लागत नाही.

अमल दत्त २०१६ साली आणि पी. के. बॅनर्जी २०२० साली निवर्तले. डायमंड श्रेष्ठ की व्होकल टॉनिक, हा वाद त्यांच्या पश्चातही चालू आहे. त्याचा निर्णय लागणे शक्य नाही, कारण ज्या दोन गोष्टींना तो परस्परविरोधी मानतो, त्या तशा नाहीत: रचनेला विश्वास लागतो आणि विश्वासाला रचना लागते. निर्णय न लागताही तो वाद जिवंत राहतो, कारण उद्याच्या सामन्याचा निकाल आज कोणालाच ठाऊक नसतो, आणि ते अज्ञान एकट्याने सोसण्यापेक्षा चारचौघांत बोलून सोसणे माणसाला अधिक सुसह्य वाटते.